पुस्तक वाचून पिक्चरला जाणाऱ्यांची गोची

आमच्या घरात आईचा एक जुना नियम आहे. पुस्तकावरून पिक्चर आला असेल तर आधी पुस्तक वाचायचं, मगच तिकीट काढायचं. नवऱ्याचं म्हणणं बरोब्बर उलटं. तो म्हणतो आधी पिक्चर बघावा, मग पुस्तक जास्तीचं मिळाल्यासारखं वाटतं, आधी पुस्तक वाचून गेलं की अडीच तास शेजारच्याच्या कानात "हे असं नव्हतं हं" एवढंच चालतं. शेजारची म्हणजे मी, आणि कानात बोलणारी म्हणजे आई.

तर गेल्या तीन-चार वर्षांत मराठी पुस्तकांवरून, नाटकांवरून आलेले बरेच पिक्चर आम्ही या भांडणासकट बघितले, काही थेटरात, काही घरी ओटीटीवर पाय पसरून, आणि आता एकदाचं लिहून टाकते. समीक्षा वगैरे समजू नका, मला कॅमेरा, लेन्स, एडिटिंग यातलं ओ की ठो कळत नाही. मला कळतं ते एवढंच की पुस्तक वाचताना जो कोणी माझ्याशी बोलत होता तो पडद्यावर आला का नाही. गोष्ट येतेच हो, गोष्ट काय, मागच्या कव्हरवर पण छापलेली असते. बोलणारा माणूस मात्र बऱ्याचदा पुस्तकातच राहून जातो.

सुरुवात 'श्यामची आई'पासून करते कारण ती आमच्याकडे सगळ्यात जास्त गाजली. सुजय डहाकेचा, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर आला होता. सकाळी पावणेदहाचा शो, कारण दुसरा शो नव्हताच, फराळाचं अर्धवट टाकून आम्ही तिघी गेलो, आई, मी आणि माझी अकरा वर्षांची लेक. अख्ख्या हॉलमध्ये मोजून चौदा माणसं. त्यातले चार आजोबा आजी बहुतेक एकाच ग्रुपचे होते आणि त्यांनी डब्यातून चकल्या आणल्या होत्या, सिक्युरिटीवाल्याने कशा सोडल्या देव जाणे.

पिक्चर काळा-पांढरा आहे. लेकीने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "कलर कधी येणार?" येणार नाही म्हटल्यावर तिचं तोंड वाकडं झालं. मलाही आधी वाटलेलं की हा उगाच स्टाइल मारायचा प्रकार असणार. पण एक गंमत झाली. आईचं माहेर दापोलीच्या बाजूचं, साने गुरुजींचं पालगड तिकडचंच, तर आमच्यासाठी कोकण म्हणजे हिरवा रंग, दुसरं काही नाहीच. आणि इथे तो हिरवाच काढून घेतलेला. मग डोळे जातात कुठे, तर माणसांच्या तोंडाकडे. घराच्या भिंतींकडे. आईच्या हातांकडे. नाहीतर कोकणातला पिक्चर म्हटलं की अर्धा वेळ ड्रोन माडांवरूनच फिरत असतो, टुरिझमची जाहिरात बघतोय का गोष्ट बघतोय कळत नाही.

आता पुस्तकाबद्दल जरा बोलायलाच लागेल. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, चार-पाच दिवसांत बरंचसं लिहून काढलं. प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलंच नाही, रात्र पहिली, रात्र दुसरी असं आहे, म्हणजे श्याम रोज रात्री मित्रांना बसवून आईच्या आठवणी सांगतोय. हे जे रात्री बसून सांगणं आहे ना ते फार महत्त्वाचं आहे. कारण ते काढलं तर उरतात नुसते संस्कार. पाय घाण होऊ नये म्हणून जपतोस तसं मनाला पण जप, ही गोष्ट सुट्टी करून पाठ्यपुस्तकात टाकली की ती सुविचार होते, फळ्यावर लिहायच्या लायकीची. पण एक मोठा झालेला, आई गेलेला माणूस अंधारात बसून हे सांगतोय आणि सांगताना बहुतेक त्याचा आवाज फुटतोय, हे कळलं की तुम्ही पण हलता. आमच्या पिढीत हे पुस्तक वाचून रडणं कंपल्सरी होतं. मी रडले नव्हते म्हणून मला शाळेत अपराधी वाटलेलं, खरं सांगते.

अत्र्यांचा १९५३ चा पिक्चर तर माहितीच आहे सगळ्यांना, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, वनमाला आई आणि माधव वझे छोटा श्याम. आमच्या आईच्या डोक्यात श्यामची आई म्हणजे वनमालाबाईच, त्यामुळे ती हाताची घडी घालूनच बसली होती, बघू या काय करतात ते असा चेहरा करून. नव्यात गौरी देशपांडे आहे. आणि मला ती आवडली, फार आवडली, कारण ती देवी नाहीये. दमलेली बाई आहे. पुस्तकातली आई पण दमलेलीच आहे, लोक विसरतात. ती मुलाला शिमटीने झोडते, पोहायला घाबरून लपून बसलेल्या पोराला बाहेर काढते. आणि त्या घरावर कर्ज आहे. "कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक" असं एका रात्रीचं नावच आहे. वसुलीला माणूस येतो आणि दारात उभा राहून काय वाट्टेल ते बोलतो. लहानपणी हे प्रकरण मी भरभर वाचून टाकलेलं, आता घराचे हप्ते भरायला लागल्यापासून मला त्या पुस्तकातलं तेवढंच प्रकरण आठवतं!

लेकीने घरी येताना रिक्षात विचारलं की त्यांनी ईएमआय का नाही भरला. आई म्हणाली, अगं भरायला असता तर पुस्तक कशाला झालं असतं.

मोठा श्याम, म्हणजे साने गुरुजी, ओम भूतकरने केलेत आणि माणूस चांगलाच आहे, पण इथे माझी जरा तक्रार आहे. स्वातंत्र्यलढ्याचा भाग आला की पिक्चर ताठ बसतो, इतिहासाच्या तासाला बसल्यासारखा. मला वाटत होतं की हा सांगणारा माणूस जितका जास्त वेळ नुसता बसून सांगेल तितकं बरं, तर तो थोर होत जातो. थोर माणूस आणि आईच्या आठवणीने गळा दाटलेला माणूस, दोघं एकाच फ्रेममध्ये बसत नाहीत. पण हे सोडलं तर बाकी पिक्चर मनापासून केलेला आहे. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आईने मला सकाळी सकाळी फोन करून सांगितलं, जणू तिनेच प्रोड्यूस केला होता. आणि थेटरात चौदा माणसं होती हे पण तिनेच वर ऐकवलं.

याच डहाकेचा 'शाळा' तुम्ही बघितला असेलच, २०१२ च्या जानेवारीत लागला होता, म्हणजे नवा नाही, पण त्याच्याशिवाय माझा मुद्दा पुढे सरकणार नाही. मिलिंद बोकिलांची कादंबरी, नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचे दिवस, आणि शिरोडकर. बास, नुसतं 'शिरोडकर' म्हटलं की आमच्या वयाचे सगळे पुरुष दोन मिनिटं गप्प होतात. नवरा पण. त्या कादंबरीत काही म्हणजे काही घडत नाही हो! एक पोरगा एका पोरीकडे बघतो. पण सांगणारा तोच पोरगा आहे, त्याच्याच भाषेत, लाइन म्हणजे काय आणि ती कोण कोणाला देतं याचं त्याचं स्वतःचं शास्त्र आहे, मास्तरांची टिंगल आहे, घरच्यांची आहे, आणि या सगळ्या टिंगलीच्या खाली तो प्रचंड घाबरलेला आहे. हे पिक्चरमध्ये आणणार कसं? पाचशे वाक्यं व्हॉइसओव्हरमध्ये टाकली असती तर वाट लागली असती. त्यांनी काय केलं तर पोरं खरी घेतली, पोरांसारखी दिसणारी, पंचविशीतले हिरो गणवेशात कोंबले नाहीत, आणि अंशुमन जोशीच्या डोळ्यांवर भरोसा ठेवला. तो बघतो आणि आपण पण त्याच्याबरोबर चोरून बघतो. केतकी माटेगावकर मागे वळते तेव्हा आपल्यालाच घाम फुटतो. पुस्तकातले विनोद निम्म्याहून जास्त गेले, ते जाणारच होते, पण बोलणारा पोरगा आला. नियम मोडून, म्हणजे आधी पिक्चर बघून ज्यांनी नंतर पुस्तक वाचलं त्यांना पण तो भेटतो. (नवरा त्यातलाच. हे तो दर महिन्यातून एकदा ऐकवतो.)

आता 'छावा'. इथे जरा जपून लिहिते कारण लोक अंगावर येतात.

फेब्रुवारी २०२५. आम्ही गेलो ते रात्रीच्या शोला, कारण दिवसाची तिकिटं संपलेली, आणि आत काय वातावरण होतं म्हणून सांगू, पिक्चर सुरू व्हायच्या आधीच घोषणा. पुढच्या रांगेत एक बाबा खांद्यावर पाच वर्षांचं पोरगं घेऊन उभा, पोराच्या कपाळावर चंद्रकोर. मी पण दिली घोषणा, का नाही देणार. असल्या वातावरणात तुम्ही पिक्चर बघायला जात नाही, तुम्ही हजेरी लावायला जाता. आणि विकी कौशलने जीव ओतलाय, त्याबद्दल मला काहीच बोलायचं नाही, शेवटचा छळाचा जो मोठा भाग आहे तो बघताना मी निम्मा वेळ खाली बघत होते आणि आजूबाजूला मोठमोठे बाप्ये हुंदके देत होते. अक्षय खन्नाचा औरंगजेब तर असा की तो हळू बोलतो आणि एसी वाढवल्यासारखं वाटतं.

पण माझं भांडण आहे ते नावावरून. पिक्चर म्हणतो मी शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून आलोय. ती कादंबरी १९७९ ची, आमच्याकडे दोन वेळा बाइंडिंग केलेली प्रत आहे, आईने ती बाळंतपणाच्या सुट्टीत वाचली होती म्हणजे माझ्या वेळी. ती जाड आहे, भाषा जड आहे, एकेका वाक्याला दागिने घातलेले, आजच्या पोरांना जाईल का शंकाच आहे. पण तिच्यात शंभूराजे लहान असतात. आई दोन वर्षांचं असताना गेलेलं पोर, जिजाऊंच्या पदराखाली वाढलेलं. नऊ वर्षांचा असताना आग्र्याला. मग राजकारणात ओढला गेलेला, घरातल्या कटकटीत सापडलेला, वडिलांवर जीव असून मोगलांच्या दिलेरखानाकडे जाऊन बसलेला, आणि परत आलेला. हा जो अवघड भाग आहे ना, वडील आणि मुलगा, चूक आणि पश्चात्ताप, त्याच्यासाठी तर कादंबरी लिहिलेली आहे. पिक्चर सुरू होतो तेव्हा शिवाजी महाराज गेलेले असतात आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूरची लूट. म्हणजे पोराचा बाप आधीच गेलेला, आईच्या आठवणी झलक दाखवून उरकल्या, आणि जो उरला तो सिंहाशी लढणारा योद्धा. हे चूक आहे असं नाही म्हणत मी, योद्धा होताच तो. पण 'बुधभूषण' लिहिणारा, संस्कृतात आणि ब्रजात कविता करणारा माणूस कुठे गेला?

तो एकाच ठिकाणी सापडला मला. कैदेत असताना शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांना कवितेने जबाब देतात तिथे. विनीत कुमार सिंगने कलश केलाय आणि तो सीन इतका सुंदर आहे की मला पटकन वाटलं, अरे हे दोघं मित्र आहेत! अडीच तासांत पहिल्यांदा वाटलं की हे दोघं कधी संध्याकाळी नुसते बसून शब्दांवर वाद घालत असतील, कोणाला यमक सुचलं नाही म्हणून एकमेकांची चेष्टा करत असतील. असे अजून दोन सीन दिले असते तर शेवटाला जे रडू आलं ते रक्त बघून नाही तर माणूस गमावल्याचं आलं असतं. सुरुवातीला अजय देवगणच्या आवाजात प्रस्तावना आहे, दणदणीत आहे, पण तो कादंबरीतला बोलणारा नव्हे, तो आमंत्रण वाचणारा झाला. ट्रेलरमध्ये लेझीम होती, त्यावर आक्षेप आला आणि ती काढून टाकली गेली. त्याबद्दल घरात दोन मतं होती, आई म्हणाली बरं झालं, मी म्हटलं राजा नाचला तर काय बिघडलं, आणि मग जेवण होईपर्यंत शांतता.

आणि हो, हिंदी. मराठी कादंबरी, मराठी राजा, मराठी थेटर, बाजूला बसलेले सगळे मराठी, आणि आम्ही सगळे हिंदीत रडतोय. पैशाचं गणित मला कळतं, एवढ्या मोठ्या लढाया मराठीच्या बजेटात होणार नाहीत. तरी येसूबाई आणि शंभूराजे एकांतात हिंदीत बोलायला लागले की माझ्या कानाला खटकत होतं. असो.

'संगीत मानापमान'ला मात्र आम्ही मोठ्या मामांना घेऊन गेलो आणि ती चूक झाली का बरं झालं अजून ठरत नाहीये. मामा ८१ वर्षांचे, नाट्यसंगीत म्हणजे जीव की प्राण, खाडिलकरांच्या नाटकातली पदं तोंडपाठ. नाटक १९११ चं. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांचं मूल गेलं आणि तरी ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले, हे मामांनी आम्हाला पार्किंगमध्ये गाडी लावेपर्यंत सांगितलं. मग १९२१ चा 'संयुक्त मानापमान', टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा नायक धैर्यधर, हे लिफ्टमध्ये. मी म्हटलं मामा, पिक्चर जानेवारी २०२५ चा आहे, सुबोध भावेचा आहे, जरा मन मोकळं ठेवा.

सुबोध भावेला मी एका गोष्टीसाठी मानते, हा माणूस 'कट्यार काळजात घुसली' या पिक्चरपासून एकच हट्ट धरून बसलाय की संगीत नाटक पोरांपर्यंत न्यायचं. शंकर-एहसान-लॉय परत आहेत. गाणी ऐकायला छान आहेत, 'वंदन हो'मध्ये शंकर महादेवन, राहुल देशपांडे आणि महेश काळे तिघं एकत्र येतात तेव्हा मामांनी पण खुर्चीच्या हातावर ताल धरला, मी बघितलं, नंतर ते नाही म्हणाले. वैदेही परशुरामीची भामिनी दिसते गोड, तिचा गरीब सेनापतीला हिणवणारा तोरा पण ठीक आहे. सुमीत राघवन खलनायकीत मजा करतो. सेट, कपडे, दागिने सगळं चकचकीत.

मग कुठे अडलं? मामांनी जे सांगितलं ते मला पटलं. त्यांचं म्हणणं, नाटकात पन्नासएक पदं होती आणि लोक गोष्ट बघायला थोडेच जायचे, गोष्ट तर माहितीच, मुलगी श्रीमंत, मुलगा गरीब, अपमान होतो, मग ती वेश बदलून, वनमाला नाव घेऊन त्याच्या मागे जाते, संपलं. लोक जायचे ते पद कसं म्हणतो ते ऐकायला, आणि आवडलं की वन्स मोअर. एकेक पद तीन तीन वेळा. म्हणजे नाटक प्रेक्षक आणि नट मिळून तिथल्या तिथे तयार करायचे. "इथे वन्स मोअर कोणाला देऊ, त्या प्रोजेक्टरला?" असं मामा इंटरव्हलमध्ये समोसा हातात धरून म्हणाले आणि मला उत्तर सुचलं नाही. पिक्चरवाल्यांनी मग काय केलं तर गोष्ट जाड केली, कट-कारस्थानं वाढवली, तलवारी वाढवल्या, कारण गोष्टीनेच अडीच तास भरायचे. आणि ज्या गोष्टीचं काम फक्त पदं वाळत घालायच्या दोरीचं होतं तिच्यावर सगळा भार आला, मग ती लोंबली.

तरी लेकीला आवडला. तिने घरी येऊन 'नाही मी बोलत नाथा' यूट्यूबवर शोधलं आणि तिला बालगंधर्वांची जुनी खरखरीत रेकॉर्ड सापडली, ती म्हणाली हे आजोबा बाईच्या आवाजात का गातायत. मामांनी पुढचा दीड तास घेतला. तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

'चंद्रमुखी' (२०२२) आम्ही दोघांनीच घरी बघितला. विश्वास पाटलांची कादंबरी, प्रसाद ओकचं दिग्दर्शन, अजय-अतुल. 'चंद्रा' गाण्यावर तर त्या वर्षी एकही गॅदरिंग, एकही संगीत, एकही हळद सुटली नसेल. अमृता खानविलकरने मेहनत केलीय ती दिसते. पण पाटील हे प्रशासनात मुरलेले लेखक, सत्ता कशी चालते, दिल्लीत कोण कोणाचा पत्ता कापतो, हे त्यांना आतून माहिती, आणि कादंबरीत दौलतराव नावाचा राजकारणी त्या सगळ्या चिखलात उभा असतो म्हणून त्याचं तमाशातल्या बाईवर जीव जडणं धोक्याचं वाटतं. पिक्चरमध्ये चिखल फार नाही, त्यामुळे धोकाही नाही, मग ते नुसतं देखणं अफेअर होतं. आदिनाथ कोठारे दिसतो छानच. मृण्मयी देशपांडेची डॉली, त्याची बायको, मला जास्त खरी वाटली. गाण्यांसाठी परत बघेन, गोष्टीसाठी नाही.

उलट 'फुलवंती'कडून (२०२४) मला काहीच अपेक्षा नव्हती. बाबासाहेब पुरंदऱ्यांची छोटेखानी गोष्ट, पेशवाईतली नर्तकी आणि शास्त्रीबुवा. स्नेहल तरडेचं पहिलं दिग्दर्शन, प्राजक्ता माळी आणि गश्मीर महाजनी. थोडा भडक आहे, संवाद टाळ्यांसाठी लिहिलेत, पण पिक्चर सुटसुटीत वाटला, का, तर मूळ गोष्टच लहान. कापायला काही नव्हतं, उलट भरायला जागा होती. कादंबऱ्यांचं उलटं होतं, आठशे पानं अडीच तासांत कोंबताना जे पहिलं फेकतात ते म्हणजे माणसाचं मनात बोलणं, कारण ते दिसत नाही ना.

आणि भरायलाच हरकत आहे असं पण नाही बरं का. 'नटसम्राट'मध्ये मूळ नाटकात नसलेला रामभाऊ आणला, विक्रम गोखले, आणि शप्पथ सांगते तो आणि नाना पाटेकर समोरासमोर येतात ते सीन नसते तर माझ्यासाठी पिक्चर निम्मा झाला असता. अप्पा बेलवलकर, म्हणजे तो म्हातारा नट, नाटकात जे स्वतःशीच आणि प्रेक्षकांशी बोलतो ते पडद्यावर कोणाशी बोलणार हा प्रश्न होताच, तर त्याला एक मित्र दिला. आई या बाबतीत अजून माझ्याशी सहमत नाही, तिने डॉ. श्रीराम लागूंचा प्रयोग बघितलाय, तिच्यापुढे बोलायची सोय नाही.

कोणी विचारलं की यातलं आत्ता काय बघू, तर मी म्हणेन 'श्यामची आई' बघा, शक्यतो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला दोन्ही बाजूंना बसवून. 'शाळा' पाहिला नसेल तर काय करताय तुम्ही. 'मानापमान' हेडफोन लावून ऐका. 'छावा' आता घरच्या टीव्हीवर बघितला तर त्या गर्दीविना तो कसा वाटतो याची मला उत्सुकता आहे, हिंमत करून एकदा बसणार आहे.

परवा जेवताना नवऱ्याने विषय काढला की 'कोसला' कादंबरीवर कोणीतरी पिक्चर काढायला पाहिजे. आईचा घास हातातच राहिला. म्हणाली, काढू देत, पण नेमाड्यांचं त्यात सारखं येणारं ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' कॅमेऱ्यात कसं पकडणार ते आधी सांगा. नवरा म्हणाला, क्लोजअप घेतील. आई म्हणाली, कशाचा, वगैरेचा?

नवऱ्याने अजून 'कोसला' वाचलेली नाही. पिक्चरची वाट बघतोय म्हणे.